शिकवणारी विमाने : डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे जीवनकार्य

गेल्या पावसाळ्यात रोलिंग मिलमधली चार तरुण मुले ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी आमच्या युनियनच्या कचेरीत आली होती. हिशेब संपला, चहा आला, आणि त्यांतल्या एकाने मोबाईलवर एक चित्रफीत लावून आमच्यापुढे धरली. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, म्हणजे १८९५ साली, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने जगातले पहिले विमान उडविले, असे तीत छातीठोकपणे सांगितले होते. मुलाने विचारले, "काका, हे खरं हाय का?"

आम्ही म्हणालो, "शिवकर बापूजी तळपदे नावाचे गृहस्थ मुंबईत होऊन गेले आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, हे खरे. पण त्यांचे विमान उडाले याला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही." मुलगा खट्टू झाला. म्हणाला, "मग आपल्या माणसानं विमान केलंच न्हाई म्हणा की!"

त्या दिवशी आमच्याकडून उत्तर अर्धवट राहिले. या व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा बोलण्याची आज्ञा केली तेव्हा ते पुरे करण्याची संधी आली असे आम्हांस वाटले. आपल्या माणसाने विमान केले. एक नव्हे, अनेक केली. ती उडाली, शेकड्यांनी बांधली गेली, आणि त्यांवर या देशाचे कितीतरी वैमानिक उडायला शिकले. त्या माणसाचे नाव डॉ. विष्णु माधव घाटगे. चौपाटीची गोष्ट घरोघर ठाऊक आणि घाटगे यांचे नाव शंभरांत एकासही ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांस लागून राहिली आहे. म्हणून आजचा विषय.

आमच्या काही मित्रांना याचे नवल वाटले. आम्ही आयुष्यभर मजुरीचे, बोनसाचे आणि अपघाताच्या भरपाईचे कागद लिहीत आलो. कारखान्यात साहेब म्हणून वावरलेल्या माणसाचे चरित्र सांगायला आम्ही उभे राहावे, हे त्यांना विसंगत वाटले. विसंगती आहे खरी. तिचा विचार शेवटी करू. आधी माणूस पाहू.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूरकडील हसूरचंपू या खेड्यात एका जैन कुटुंबात झाला. १९०३ सालच्या डिसेंबरात राइट बंधूंनी अमेरिकेत बारा सेकंदांचे पहिले उड्डाण केले होते, आणि १९०८ च्या उन्हाळ्यात विल्बर राइट फ्रान्समध्ये आपले विमान लोकांना उडवून दाखवीत होता. म्हणजे विमानविद्या आणि हा मुलगा जवळजवळ एकाच वयाचे. हसूरचंपूच्या पोराने त्या काळी विमान पाहिले असण्याचा संभव नाही. पण त्या मुलखाला एक भाग्य लाभले होते. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळा ही सर्वांसाठी असते, हे वारे त्या मातीत शिरले होते. तेव्हा आपला जालना निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथे शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि शेतकऱ्याच्या मुलाला मायबोलीतून पुढे शिकण्याची वाट जवळजवळ बंदच होती. दोन्ही मुलूख मराठीच. एकात दार उघडले होते, दुसऱ्यात ते उघडायला १९४८ उजाडावे लागले. बुद्धी सर्वत्र सारखीच पेरलेली असते. पाऊस मात्र सर्वत्र सारखा पडत नाही.

कोल्हापूर, पुणे, मुंबई असे शिकत घाटगे पुढे जर्मनीस गेले, ते गॉटिंगेनला. तेथे लुडविग प्रांट्ल हे आचार्य होते. हवेत चालणाऱ्या वस्तूंच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी काम केले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.

प्रांट्ल यांनी काय शोधले, हे समजल्यावाचून घाटगे यांचे पुढचे काम समजणार नाही, म्हणून ते आमच्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. आमचे शाळेचे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा चूक झाल्यास जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या घरातला छताचा पंखा पाहा. उन्हाळाभर तो गरगर फिरत असतो, तरी पावसाळ्याच्या तोंडी पुसायला घ्यावा तर पात्यांवर धुळीचा थर. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावरची धूळ वाऱ्याने उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्यावर बसलेल्या धुळीच्या कणाला वारा जवळजवळ लागतच नाही. थोडे वर गेले की वारा आहे, पृष्ठावर नाही. या दोहोंमधला हवेचा जो पातळ थर, त्यात सगळी घासाघीस चाललेली असते. प्रांट्ल यांनी १९०४ साली हा थर ओळखला आणि त्याचे गणित मांडले. विमानाच्या पंखावरही असाच थर असतो. पंख बेताने तिरका आहे तोवर हवा पंखाला धरून वाहते आणि विमानाला उचल मिळते. वैमानिकाने नाक फार वर केले की हवा पंखाची पाठ सोडते. उचल तुटते. विमान खाली बसते, कधी गिरकी घेते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. शिकाऊ वैमानिकाचा पुष्कळदा येथेच घात होतो.

घाटगे गॉटिंगेनला होते तो काळही ध्यानात ठेवावा. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच विद्यापीठातून माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी न्योटर यांसारख्या थोर पंडितांना केवळ ज्यू म्हणून घालवून देण्यात आले. जगातल्या उत्तम विद्यापीठांपैकी एक थोड्या महिन्यांत कसे ओस पाडता येते, हे त्या गावाने पाहिले. ज्ञानाला जात-धर्म विचारणारा देश आधी आपले शिक्षक गमावतो, हा धडा त्यात आहे, आणि तो केवळ जर्मनीसाठी नाही.

घाटगे परत आले तेव्हा हिंदुस्थानात विमान बांधणारा कारखानाच नव्हता. विमानविद्या शिकून आलेल्या माणसाने करावे काय? येथे दुसरा एक मराठी मुलखातला माणूस या कथेत येतो. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. जहाजे, साखर, मोटारी, ज्यात इंग्रजांची मक्तेदारी होती त्यात हात घालण्याची त्यांना खोड होती. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात विल्यम पॉली नावाच्या विमान-व्यवसायी अमेरिकन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवलात भाग दिला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. घाटगे या कारखान्यात रुजू झाले. १९४१ साली अमेरिकन बनावटीचे हार्लो विमान तेथे जोडून उडविण्यात आले. या कारखान्यातून आकाशात गेलेले ते पहिले विमान शिकवणीचेच होते, हा योगायोग पुढे अर्थपूर्ण ठरला. घाटगे यांनी दहा आसनांच्या एका ग्लायडरचा आराखडाही त्या सुरुवातीच्या काळात केला.

पण युद्ध पेटले होते. १९४२ साली सरकारने वालचंदांचा भाग विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला आणि पुढे तो अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती करणारे मोठे ठाणे बनला. नवे विमान आखण्याचे काम थांबले. आराखडे करणाऱ्या माणसाला काम उरले नाही. आमच्या अनुभवात अशा वेळी माणसे दोन प्रकारची निघतात. काही खुर्ची धरून बसतात, काही हत्यारे घेऊन दुसरीकडे जातात. घाटगे शिकवायला गेले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ च्या डिसेंबरात विमानविद्येचा विभाग सुरू झाला, आणि त्याचे पहिले अध्यापक घाटगे होते. पुढे देशाच्या विमान आणि अवकाश उद्योगात जी माणसे नावारूपाला आली त्यांतली कितीतरी याच विभागातून बाहेर पडली. विमान बांधता येत नाही, तर विमान बांधणारी माणसे तयार करू, असा हा हिशेब होता. गॉटिंगेनहून आणलेली विद्या त्यांनी आधी फळ्यावर उतरविली.

१९४५ साली युद्ध संपले आणि बंगळूरच्या कारखान्यापुढे तो प्रश्न उभा राहिला, जो प्रत्येक कामगाराच्या घरात कधी ना कधी उभा राहतो. काम संपले, आता पुढे काय? युद्धात हजारो माणसे भरती झाली होती. पत्रा कापणारे, रिव्हेट मारणारे, फिटर, टर्नर. त्यांच्या हातांनी पाच वर्षांत जे कसब मिळविले ते एका सहीने रस्त्यावर आले असते. या कारखान्याने तेव्हा रेल्वेचे पोलादी डबे बांधायला घेतले. विमान कारखान्यात तिसऱ्या वर्गाचे डबे! कोणी हसलेही असेल. पण त्या डब्यांनी कारागिरांचे हात चालू ठेवले. ते डब्यांचे काम इतके टिकले की १९६४ साली भारत अर्थ मूव्हर्स ही स्वतंत्र सरकारी कंपनी निघाली तेव्हा ते तिच्याकडे सोपविण्यात आले.

दुसरे काम आपल्या गावाला विशेष कळेल असे. युद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर ही चार इंजिनांची प्रचंड बॉम्बफेकी विमाने कानपूरला भंगारात टाकून दिलेली होती. ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने त्यांची मोडतोड केलेली होती. ती दुरुस्त होणे नाही, असे परदेशी जाणत्यांचे मत पडले. बंगळूरच्या कारागिरांनी कानपुरास जाऊन त्यांची उडण्यापुरती डागडुजी केली, वैमानिकांनी जीव मुठीत घेऊन ती बंगळूरला उडवीत नेली, आणि कारखान्यात त्यांचा जीर्णोद्धार झाला. अशी सुमारे चाळीस विमाने १९४८ पासून आपल्या वायुदलाला मिळाली आणि १९६८ पर्यंत त्यांनी काम केले. श्रोतेहो, आपला जालना एके काळी सोन्याचा पाळणा म्हणविला जाई. आज तो भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांचा गाव आहे. भंगारात काय दडलेले असते ते आपल्याइतके कोणाला ठाऊक? फक्त आपण ते वितळवतो. त्या माणसांनी ते न वितळवता पुन्हा आकाशात पाठविले.

याच सुमारास, १९४८ साली, घाटगे कारखान्यात परत आले आणि पहिल्या संपूर्ण भारतीय आराखड्याच्या विमानाचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. नुकताच स्वतंत्र झालेला देश. कोणीही म्हणाला असता, लढाऊ विमान करा, जगाला दाखवा. त्यांनी केले शिकवणीचे विमान. त्याचे नाव एचटी-२. मागेपुढे दोन आसने, एकात गुरू, एकात शिष्य. संपूर्ण धातूचे, एक पंखी, १५५ अश्वशक्तीचे सिरस इंजिन. १९५१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याचे पहिले उड्डाण झाले.

शिकवणीचे विमान म्हणजे सोपे विमान असे पुष्कळांस वाटते. आमचे मत उलट आहे. पट्टीच्या वैमानिकासाठी केलेल्या विमानातले दोष तो वैमानिक आपल्या हुशारीने झाकून नेतो. शिकाऊ पोराच्या हाती द्यायच्या यंत्रात एकही दोष झाकता येत नाही. ते पोर ब्रेक उशिरा दाबणार, नाक भलतेच वर करणार, धावपट्टीवर विमान आपटणार. यंत्राने हे सारे सोसले पाहिजे. आणि नुसते सोसूनही भागत नाही. सगळेच माफ करणारे यंत्र काहीच शिकवीत नाही. उचल तुटण्याआधी विमानाने थरथरून सांगितले पाहिजे की बाबा, मर्यादा जवळ आली. आणि तरीही चूक झालीच तर पोराला सावरायला वाव ठेवला पाहिजे. चांगल्या मास्तराचे आणि चांगल्या शिकवणीच्या विमानाचे लक्षण एकच. पंख्याच्या पात्यावरच्या धुळीचे ते गणित येथे कामास आले. पंखाच्या पाठीवरून हवा कोठे आणि कधी सुटावी, यावर पोराचा जीव अवलंबून, आणि ते ठरविणारा माणूस प्रांट्लचा शिष्य होता.

एचटी-२ सुमारे १७० बांधली गेली. वायुदलात तिने टायगर मॉथ या ब्रिटिश दुपंखी विमानाची जागा घेतली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सेवा केली. साडेतीन दशके जे तरुण वायुदलात उडायला शिकले, त्यांतल्या अनेकांचे पाय जमिनीवरून पहिल्यांदा सुटले ते या विमानात. आफ्रिकेतील घाना देश १९५७ साली स्वतंत्र झाला. त्याने १९५९ साली आपले वायुदल उभे केले तेव्हा त्याच्या पहिल्या विमानांत बारा एचटी-२ होती. ज्या देशाला बारा वर्षांपूर्वीपर्यंत टाचणीपासून सारे विलायतेहून आणावे लागे, त्याने दुसऱ्या नवस्वतंत्र देशाच्या मुलांना उडायला शिकविणारे यंत्र दिले.

यानंतर पुष्पक. २८ सप्टेंबर १९५८ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. कापडाचे आवरण, वरच्या बाजूस पंख, शेजारी-शेजारी दोन आसने, ९० अश्वशक्तीचे इंजिन. त्याचे अमेरिकेतील एरोन्का या विमानाशी साम्य आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. चांगले दिसले ते घेऊन आपल्या कामाचे करणे यात कमीपणा नाही. देशातील फ्लाइंग क्लबांसाठी ते बांधले गेले आणि तेथे नागरिकांची मुले त्यावर उडायला शिकली. पुढल्याच वर्षी, १९५९ साली, कृषक उडाले. हे सैन्याच्या तोफखान्याला वरून टेहळणी करून देणारे. सैन्याच्या विमानाचे नाव शेतकऱ्यावरून पडावे, ही गोष्ट आम्हांस आवडते.

त्या वर्षांत बंगळूरला मोठे जर्मन नाव आले होते. युद्धकाळातील फोके-वुल्फ १९० या नामांकित विमानाचे रचनाकार कुर्ट टांक १९५६ साली आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मारुत या जेट लढाऊ विमानाची आखणी झाली. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते प्रथम उडविले. १४७ मारुत बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात लोंगेवाल्याच्या रणात त्यांनी कामगिरी बजावली. घाटगे आणि त्यांनी तयार केलेली आराखडा-विभागाची माणसे नसती, तर टांक यांचे कागद कोणाच्या हाती पडले असते? मारुतचे श्रेय टांक यांचे आहे, ते काढून घेण्याची गरज नाही. पण पाया भरलेला होता म्हणून मजला चढला.

आणि मग घाटगे यांचे शेवटचे मोठे काम, किरण. तेही शिकवणीचेच, मात्र जेट. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडाले. यात गुरू-शिष्य मागेपुढे नाहीत, खांद्याला खांदा लावून शेजारी बसतात. शिष्याचा हात कोठे चुकतो ते गुरूला दिसते, गुरूचा चेहरा शिष्याला दिसतो. किरण चार दशकांहून अधिक काळ वायुदलाच्या उपयोगी पडले. १९९६ साली स्थापन झालेले वायुदलाचे सूर्यकिरण पथक २०११ पर्यंत याच विमानांवर कसरती करीत असे. आपल्यापैकी कित्येकांनी त्या नऊ विमानांची रांग दूरदर्शनवर पाहिली असेल आणि मुलांना बोट दाखवून दाखविली असेल. ती कोणी आखली हे तेव्हा सांगता आले नसेल. आता सांगावे.

आता दोष सांगतो. दोष न सांगता चरित्र सांगणे म्हणजे आरती म्हणणे. या सर्व विमानांत एक उणीव सारखीच होती. सांगाडा आपला, पण इंजिनाचा आराखडा परक्याचा. एचटी-२ चे इंजिन ब्रिटिश, पुष्पकचे अमेरिकन, किरणचे पुन्हा ब्रिटिश रचनेचे. मारुतला तर ज्या ताकदीचे इंजिन हवे होते ते कधी मिळालेच नाही, आणि त्या गुणी यंत्राची चाल आयुष्यभर अडून राहिली. तयार घेणे स्वस्त पडते, असे दर वेळी दिसते. आणि दर वेळी घेतल्यावर आपल्या माणसांना ते करणे कधीच येत नाही. हा केवळ विमानांचा दोष नाही. आमच्या भट्ट्यांत, आमच्या यंत्रशाळांत रोज हेच चालते. शिकविण्यावर खर्च करायचा नाही आणि मग कुशल माणूस मिळत नाही म्हणून ओरडायचे.

१९६५ साली घाटगे यांना पद्मश्री मिळाली. कारखान्यात व्यवस्थापनाच्या वरच्या पदांपर्यंत जाऊन ते निवृत्त झाले. ६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दीर्घ आणि भरलेले आयुष्य. ते जन्मले तेव्हा विमान हे जत्रेतले आश्चर्य होते. त्यांच्या डोळ्यांदेखत १९८० साली आपल्या अग्निबाणाने आपला उपग्रह कक्षेत सोडला आणि १९८४ साली एक भारतीय वैमानिक अंतराळात जाऊन आला. यंत्र करणाऱ्याच्या वाट्याला एक दुःखही येते. त्याची यंत्रे त्याच्यादेखत म्हातारी होतात. घाटगे गेले तेव्हा एचटी-२ सेवेतून उतरली होती, मारुतही उतरले होते. किरण मात्र उडत होते, आणि त्यात कोणीतरी पोर आपल्या पहिल्या चुका करीत होते.

आता त्या विसंगतीकडे येतो. आम्ही कामगारांची माणसे. एचटी-२ चे पत्रे ज्यांनी ठोकले, कानपूरच्या उन्हात लिबरेटरच्या पोटात शिरून ज्यांनी तारा जोडल्या, त्यांची नावे चरित्रांत येत नाहीत. याचा आम्हांस राग आहे आणि तो राहील. याच बंगळूरात १९८०-८१ च्या हिवाळ्यात विमान कारखान्यासह पाच मोठ्या सरकारी कारखान्यांतील लाखाहून अधिक कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला, हेही त्या कारखान्याच्या इतिहासाचेच पान आहे. ते फाडून कोणी इतिहास लिहू नये. पण साहेबांतही फरक असतो. एक साहेब ज्ञान कुलुपात ठेवतो, म्हणजे खालचा माणूस सदा खालीच राहावा. दुसरा ते वाटून टाकतो. घाटगे यांचा सबंध जन्मक्रम पाहा. काम थांबले तेव्हा शिकविले. काम पुन्हा हाती आले तेव्हा शिकविणारी यंत्रे केली. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. दुसऱ्याला शिकता यावे, हा एकच धागा त्या आयुष्यातून गेलेला आहे. कामगार चळवळीचे तरी दुसरे काय म्हणणे आहे? हाताला काम हवे, कामाला दाम हवा, आणि ज्याच्या हाती हातोडा आहे त्याला ड्रॉइंगही वाचता यावे. आम्हांला एका म्हाताऱ्या टर्नरने जेवणाच्या सुटीत डब्याच्या झाकणावर खडूने रेघा मारून ड्रॉइंग वाचायला शिकविले. त्या अर्ध्या तासाने आमचे आयुष्य बदलले. म्हणून घाटगे आम्हांस परके वाटत नाहीत.

शेवटी त्या मुलाचा प्रश्न. प्राचीन विमानांच्या ज्या ग्रंथाचा आधार अशा चित्रफिती घेतात, तो वैमानिकशास्त्र नावाचा ग्रंथ. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली त्याची कसून तपासणी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात सांगितला गेला, आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही तपासणी झाली ती त्याच संस्थेत, जेथे १९४२ साली घाटगे यांनी विमानविद्येचा पहिला धडा दिला होता. शिकवणीचा हाही एक परिणाम. शिकलेला माणूस आपल्याच अभिमानाची वस्तूसुद्धा ताजव्यात घालून पाहतो.

तळपदे यांच्या ध्यासाला आम्ही हसत नाही. ध्यास हवाच. पण ध्यासापासून उड्डाणापर्यंतचा रस्ता शाळेतून, फळ्यावरून, लेथवरून, चुकलेल्या आणि पुन्हा काढलेल्या ड्रॉइंगांवरून जातो. चमत्काराच्या गोष्टीत हा रस्ताच नसतो, आणि म्हणूनच ती मुलांना फसविते. ती सांगते, एकदा कोणीतरी केले होते, ते हरवले. घाटगे यांची गोष्ट सांगते, शिकलास तर तुलाही करता येईल.

पावसाळ्यात अर्धवट राहिलेले उत्तर त्या मुलाला आता आम्ही असे देऊ. बाळा, पुष्पक विमान खरेच उडाले. १९५८ साली, बंगळुरात. त्याला ९० अश्वशक्तीचे इंजिन होते, त्याचे कापड कामगारांनी ताणून बसविले होते, आणि ज्यांच्या हाताखाली ते झाले ते गृहस्थ हसूरचंपू नावाच्या खेड्यात जन्मले होते. तुझे खेडे त्याहून लहान नाही. उद्यापासून जेवणाच्या सुटीत अर्धा तास कचेरीत ये. खडू आमच्याकडे आहे.